साठवणीचे पाणी आणि गर्भवतीचा ताप

पूर्वेस वर्धा आणि दक्षिणेस पैनगंगा अशा दोन मोठ्या नद्यांची हद्द लाभलेला, अडाण, अरुणावती, पूस आणि बेंबळा यांच्या खोऱ्यांनी विभागलेला, बऱ्यापैकी पावसाचा, आणि तरीही चैत्र-वैशाखात हंडाभर पाण्यासाठी ताटकळणारा यवतमाळ जिल्हा ज्याने पाहिला आहे, त्याला पाण्याची विपुलता आणि पाण्याची उपलब्धता या सर्वस्वी भिन्न गोष्टी आहेत हे निराळे सांगावे लागत नाही. इंग्रजी अमलाच्या दफ्तरांत १९०५ पर्यंत हा मुलूख वणी जिल्हा या नावाने नोंदला जाई. पुढे नाव बदलले, अंमल बदलला, कचेऱ्या वाढल्या, परंतु उन्हाळ्यातील पाण्याची विवंचना मात्र पिढ्यानुपिढ्या चालत राहिली. २०१८ च्या उन्हाळ्यात निळोणा आणि चापडोह ही यवतमाळ शहराला पाणी पुरविणारी दोन्ही धरणे आटली आणि नळाला पाणी येण्याचे दिवस इतके लांबले की, ते आल्याबरोबर सिमेंटचे टाके, प्लास्टिकचे ड्रम, मातीचे रांजण, पितळेचे गुंड, न्हाणीतील बादल्या, किंबहुना ज्यात पाणी राहील असे घरातील प्रत्येक भांडे भरून ठेवण्यावाचून गृहिणीला गत्यंतर उरले नाही. ही साठवण म्हणजे तिचा हलगर्जीपणा नव्हे. ती तिची दूरदृष्टी होय. परंतु याच साठ्याच्या कडेला, पाण्याच्या रेषेपासून बोटभर वर, ओलसर भिंतीवर एक मादी डास आपली शंभरेक काळी अंडी चिकटवून जाते, आणि त्या क्षणापासून त्या घरातील गर्भवतीच्या उदरातील जिवाचा त्या पाण्याशी एक अदृश्य संबंध जडतो. तो संबंध उलगडून दाखविणे हा या प्रकरणाचा हेतू आहे.

एडिस इजिप्ती या नावाने शास्त्रज्ञ ओळखतात तो हा डास गटारात किंवा डबक्यात वाढणारा नव्हे. त्याला माणसाच्या घरातील स्वच्छ, संथ, सावलीतील पाणी लागते. काळ्या अंगावर आणि पायांवर पांढरे पट्टे असलेली ही मादी दिवसा चावते, विशेषतः सकाळी आणि दिवस मावळण्यापूर्वी, म्हणजे नेमकी त्या वेळी जेव्हा घरातील बाई चुलीपाशी, न्हाणीपाशी किंवा अंगणात वावरत असते आणि मच्छरदाणी घडी करून ठेवलेली असते. माणसाचे रक्त तिला स्वतःच्या पोषणासाठी नको असते. अंडी पक्व होण्यासाठी लागणारी प्रथिने त्यात असतात म्हणून ती ते घेते, आणि नर डास तर केवळ फुलांच्या व फळांच्या रसावर जगतो. अंड्यापासून पंख फुटलेल्या डासापर्यंतचा प्रवास यवतमाळच्या उष्ण हवेत आठ-दहा दिवसांत पुरा होतो. म्हणूनच आठवड्यातून एक दिवस सर्व भांडी रिकामी करून, घासून, कोरडी करण्याचा जो 'कोरडा दिवस' आरोग्य खात्याने सांगितला आहे, त्याचा कालावधी मनास येईल तसा ठरविलेला नाही, त्यामागे या कीटकाचे जीवनचक्र आहे. घासणे का आवश्यक, तर अंडी भांड्याच्या कडेला घट्ट चिकटलेली असतात आणि पाणी ओतून दिल्याने ती जात नाहीत. कोरड्या भांड्यात ती कित्येक महिने जिवंत राहतात आणि पुन्हा पाणी लागताच फुटतात. वऱ्हाडात मार्च-एप्रिलमध्ये माळ्यावरून उतरविलेला, गेल्या हंगामातील अंडी टाकीच्या कडेला तशीच बाळगून असलेला कूलर हा या डासाचा सर्वांत निर्वेध आश्रय आहे, ही गोष्ट गावोगाव तपासणी करणारा कोणताही आरोग्यसेवक सांगेल.

या एकाच डासाच्या सोंडेतून तीन निरनिराळे विषाणू माणसाच्या रक्तात उतरू शकतात : डेंगी, चिकुनगुनिया आणि झिका. त्यांपैकी पहिले दोन विदर्भाला परके नाहीत. १९६५ साली नागपूर शहरात तापाची मोठी साथ आली, आणि तिच्या तपासात चिकुनगुनिया आणि डेंगी यांची ओळख पटली. त्याच वेळी चांदीपुरा भागातील रुग्णांच्या रक्तात एक सर्वस्वी नवा विषाणू सापडला आणि वस्तीच्या नावानेच जगाला ज्ञात झाला, मात्र त्याचा प्रसार वाळूमाशीकडून होत असल्याने त्याची कथा आपल्या विषयाबाहेरची आहे. १९७३ मध्ये सोलापूर जिल्ह्यातील बार्शीला चिकुनगुनियाने गाठले, आणि त्यानंतर तीन दशके तो या देशातून जणू नाहीसा झाला. इतका, की डॉक्टरांच्या एका संपूर्ण पिढीने त्याचा रुग्ण पाहिला नाही. २००५ च्या अखेरीस तो परतला आणि २००६ या एकाच वर्षात देशभरात सुमारे १३ लाख ९० हजार संशयित रुग्णांची नोंद झाली, ज्यात महाराष्ट्राचा वाटा मोठा होता. सांध्यांनी जखडलेली, उठता-बसता न येणारी माणसे सर्वांनी पाहिली. परंतु त्या साथीत ज्या स्त्रिया प्रसूतीच्या उंबरठ्यावर होत्या त्यांचे आणि त्यांच्या मुलांचे काय झाले, हा प्रश्न सांधेदुखीच्या गदारोळात फारसा कोणी विचारला नाही.

त्या प्रश्नाचे उत्तर आपल्याकडे नव्हे, तर हिंदी महासागरातील रियुनियन या फ्रेंच अमलाखालील लहानशा बेटावर मिळाले. २००५-०६ च्या साथीत त्या बेटाच्या लोकसंख्येपैकी जवळजवळ एकतृतीयांश लोक आजारी पडले, आणि तेथील डॉक्टरांनी गर्भवतींच्या नोंदी अत्यंत कसोशीने ठेवल्या. त्यातून निघालेला निष्कर्ष असा की, चिकुनगुनियाचा ताप गरोदरपणाच्या मधल्या काळात आला आणि प्रसूतीपूर्वी विषाणू रक्तातून निघून गेला, तर मूल बहुतांशी निर्धोक जन्मते. परंतु प्रसूतीच्या वेळीच आईच्या रक्तात विषाणू असला, तर जवळजवळ दोघांपैकी एका मुलाला तो संसर्ग होतो. शस्त्रक्रियेने प्रसूती केल्यानेही हा धोका टळत नाही. आणि यातील सर्वांत फसवी बाब ही, की असे मूल जन्मतः सुदृढ दिसते. ते रडते, दूध ओढते, वजनाने भरलेले असते, आणि घरचे लोक निश्चिंत होतात. तिसऱ्या ते सातव्या दिवसाच्या सुमारास ताप चढतो, दूध सुटते, हातपाय सुजतात, स्पर्श झाला की मूल कळवळते, प्लेटलेट उतरतात, आणि काहींच्या मेंदूपर्यंत तो विषाणू पोहोचतो. ज्या मुलांना हा संसर्ग झाला त्यांच्यापैकी जवळपास निम्म्यांची वाढ पुढे दोन वर्षांच्या वयात मागे पडलेली आढळली. आपल्याकडील बालरोगतज्ज्ञांनी अशा अर्भकांच्या नाकावर आणि चेहऱ्यावर पडणाऱ्या काळपट डागांची खूण वारंवार वर्णिली आहे. हा सारा तपशील येथे विस्ताराने देण्याचे कारण असे, की आपल्या खेड्यांत पाचवीचे पूजन ज्या दिवशी होते आणि बाळंतीण दवाखान्यातून घरी आलेली असते, नेमका तोच हा घातवार आहे. आणि प्रसूतीच्या आधीच्या आठवड्यात आईला ताप होता एवढी एक गोष्ट जर कोणी लिहून ठेवली असेल, तर ते मूल वेळेवर इस्पितळात परत आणता येते.

डेंगीची तऱ्हा निराळी. तो गर्भाच्या घडणीत व्यंग निर्माण करतो असे निश्चितपणे सिद्ध झालेले नाही, परंतु आईच्या रक्तवाहिन्या सैल करून, रक्तातील द्रव बाहेर झिरपवून आणि प्लेटलेट खाली आणून तो प्रसूतीलाच जोखमीची करतो. ब्राझीलमध्ये २००६ ते २०१२ या काळातील लक्षावधी जन्मांच्या सरकारी नोंदी डेंगीच्या नोंदींशी ताडून पाहिल्या असता, गरोदरपणी लक्षणांसह डेंगी झालेल्या स्त्रियांत मृत मूल जन्मण्याचा संभव जवळजवळ दुप्पट, आणि तीव्र डेंगी झालेल्यांत सुमारे पाचपट आढळला. आता या आकड्यांच्या शेजारी यवतमाळची स्त्री उभी करून पाहावी : शेतमजुरी करणारी, रक्तक्षयाने आधीच फिकटलेली, झरी-जामणी किंवा केळापूरच्या कोलाम वा गोंड पाड्यावरची असेल तर सिकलसेलचा वारसाही कदाचित अंगी असलेली. तिला प्रसूतीच्या वेळी होणारा अतिरिक्त रक्तस्राव आणि सुखवस्तू शहरी स्त्रीचा तेवढाच रक्तस्राव, ही दोन्ही कागदावर समान दिसली तरी शरीरावर समान नसतात. शिवाय डेंगीचा परिणाम जन्मानंतरही संपत नाही. आईच्या रक्तातील डेंगीविरोधी प्रतिद्रव्ये वारेतून मुलाकडे जातात, पहिले काही महिने त्याचे रक्षण करतात, आणि मग सहाव्या ते नवव्या महिन्याच्या सुमारास, जेव्हा ती क्षीण होतात पण पूर्णपणे नष्ट झालेली नसतात, तेव्हा दुसऱ्या प्रकारच्या डेंगीच्या विषाणूला अडविण्याऐवजी पेशींत शिरण्यास साहाय्य करतात. आईने कधीकाळी सोसलेला ताप मुलाच्या पहिल्या वर्षातील एका ठरावीक कालखंडाला अधिक धोक्याचा करतो, ही निसर्गाची व्यवस्था समजून घेतली म्हणजे, आठ महिन्यांच्या तापलेल्या मुलाकडे 'दात येत असतील' म्हणून पाहणे किती महागात पडू शकते हे ध्यानात येते.

आता तिसरा, आणि प्रजननाच्या दृष्टीने सर्वांत गंभीर विषाणू. १९४७ साली युगांडातील एन्टेबेजवळच्या झिका नावाच्या अरण्यात पीतज्वराच्या संशोधनासाठी पिंजऱ्यात ठेवलेल्या एका माकडाला ताप आला आणि त्याच्या रक्तात हा विषाणू गवसला. या शोधाशी पुण्याचा संबंध फार लवकर आला, ही गोष्ट मराठी वाचकांना क्वचितच ठाऊक असते. १९५२ मध्ये पुण्यात विषाणू संशोधन केंद्र स्थापन झाले, तेच आजची राष्ट्रीय विषाणू विज्ञान संस्था. आणि त्या केंद्राच्या आरंभीच्या कार्यात स्मिथबर्न, कर आणि गटणे या तीन संशोधकांनी देशाच्या निरनिराळ्या भागांतील रहिवाशांचे रक्तजल तपासून १९५४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या निबंधात, १९६ जणांपैकी ३३ जणांच्या रक्तात झिकाला निष्प्रभ करणारी प्रतिद्रव्ये असल्याचे नमूद केले. डेंगी आणि झिका हे सगोत्र विषाणू असल्याने एकाची प्रतिद्रव्ये दुसऱ्याच्या चाचणीत डोके वर काढतात, म्हणून या आकड्याचा अर्थ सावधपणेच लावला पाहिजे. तथापि ही नोंद सत्तर वर्षांपूर्वी आपल्या दफ्तरी पडली होती आणि झिका हा निरुपद्रवी, चार दिवसांचा पुरळ-ताप आहे या समजुतीखाली ती तशीच पडून राहिली, हे खरे.

ती समजूत ब्राझीलने मोडली. २०१५ च्या उत्तरार्धात त्या देशाच्या ईशान्य भागात, रेसिफे शहरात, बालमेंदूतज्ज्ञ व्हानेसा व्हान डेर लिंडेन यांच्याकडे असाधारण लहान डोक्याची अर्भके एकामागून एक येऊ लागली, आणि त्यांच्या मातांच्या सांगण्यात एक गोष्ट समान होती : गरोदरपणाच्या सुरुवातीला आलेले पुरळ. शेजारच्या पराइबा प्रांतात अद्रियाना मेलो यांनी दोन गर्भवतींच्या गर्भजलाचे नमुने तपासणीस पाठविले आणि त्या पाण्यात झिका सापडला. १ फेब्रुवारी २०१६ रोजी जागतिक आरोग्य संघटनेने आंतरराष्ट्रीय आणीबाणी घोषित केली. पुढील संशोधनातून जो कार्यकारणभाव स्पष्ट झाला, तो थोडक्यात असा : बहुतेक विषाणूंना रोखून धरणारी वार झिकाला रोखू शकत नाही, उलट वारेतील रक्षक पेशींतच तो आपले ठाणे मांडतो; तेथून तो गर्भाच्या मेंदूतील त्या मूळ पेशींवर चालून जातो ज्यांच्या विभाजनातून पुढे संपूर्ण मेंदू घडावयाचा असतो. या पेशी मेल्या, म्हणजे मेंदूचे कवच पातळ राहते, त्यात चुन्याचे कण साठतात, आणि आतील मेंदू न वाढल्याने कवटी कोसळल्यासारखी लहान राहते. डोळ्यांच्या पडद्यावर व्रण, जखडलेले सांधे, वाकडी पावले, गिळण्याची असमर्थता, झटके, हे त्याचेच निरनिराळे आविष्कार. गरोदरपणी संसर्ग झालेल्या स्त्रियांच्या मुलांपैकी शेकडा ५ ते १५ मुलांत काही ना काही विकृती आढळते, आणि पहिल्या तीन महिन्यांतील संसर्ग सर्वांत घातक ठरतो. म्हणजे ज्या काळात पुष्कळ स्त्रियांना आपल्याला दिवस गेले आहेत याची खात्रीही झालेली नसते, त्याच काळात सर्वाधिक हानी घडून जाते. शिवाय संसर्ग झालेल्या पाच जणांपैकी चौघांना काहीच लक्षण जाणवत नाही. मूल गमावण्याचा, अपुऱ्या दिवसांच्या प्रसूतीचा आणि मृत जन्माचा धोकाही वाढतो.

पुरुषाचा विचार या प्रसंगी सहसा केला जात नाही, आणि तो करणे अगत्याचे आहे. डासाने पसरविलेला एखादा विषाणू स्त्रीपुरुषसंबंधातूनही पसरू शकतो, हे झिकाच्या बाबतीत निःसंशय सिद्ध झाले आहे. २००८ मध्ये सेनेगलहून अमेरिकेतील कोलोरॅडोत परतलेल्या एका संशोधकाच्या पत्नीला, जी स्वतः आफ्रिकेत गेली नव्हती, हाच आजार झाला, तेव्हा प्रथम ही शंका आली. विषाणूचा अंश वीर्यात रक्तापेक्षा फार अधिक काळ, बहुधा तीन महिन्यांपर्यंत आणि क्वचित त्याहूनही पुष्कळ पुढे, आढळतो; म्हणून संसर्गानंतर वा साथीच्या प्रदेशातून परतल्यानंतर पुरुषाने तीन महिने आणि स्त्रीने दोन महिने निरोध वापरावा अथवा संयम पाळावा, आणि पत्नी गर्भवती असल्यास पतीने गरोदरपणाची मुदत संपेपर्यंत तो पाळावा, अशी शिफारस आहे. २०१६ मध्ये उंदरांवर केलेल्या प्रयोगांत या विषाणूने वृषणातील पेशी नष्ट करून त्यांचा आकारही घटविल्याचे दिसले आणि जगभर भय पसरले. माणसांत मात्र तसे आढळलेले नाही : ग्वाडलूप बेटावरील आजारी पुरुषांच्या तपासणीत शुक्राणूंची संख्या महिनाभरात निम्म्याहून खाली आली, परंतु चार महिन्यांच्या सुमारास ती पूर्वपदावर आली. कायमच्या वंध्यत्वाचा पुरावा नाही, हे स्पष्ट सांगितले पाहिजे, कारण आपल्या समाजात मूल न होण्याचे लांच्छन कोणत्याही तापाहून अधिक काळ टिकते.

महाराष्ट्रातील पहिला झिका रुग्ण जुलै २०२१ मध्ये पुणे जिल्ह्याच्या पुरंदर तालुक्यातील बेलसर या गावी आढळला. त्यानंतर २०२४ च्या जूनमध्ये पुणे शहराच्या एरंडवणे भागातून साथीला आरंभ झाला, आणि वर्षअखेर राज्यातील रुग्णांची संख्या १४० झाली. त्यांपैकी १२५ पुणे जिल्ह्यातील, ११ अहमदनगर जिल्ह्यातील, आणि कोल्हापूर, सांगली, सोलापूर व मुंबई उपनगर येथे प्रत्येकी एक. गर्भवतींची संख्या त्यात लक्षणीय होती, कारण त्यांच्या तपासण्या हेतुपुरस्सर करण्यात आल्या. केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने ३ जुलै २०२४ रोजी राज्यांना सूचना पाठवून संसर्ग झालेल्या गर्भवतींच्या गर्भाच्या वाढीवर सतत लक्ष ठेवण्यास आणि प्रत्येक इस्पितळाचे आवार डासमुक्त राखण्यासाठी एक अधिकारी नेमण्यास सांगितले. त्या साथीशी निगडित लहान डोक्याच्या मुलाची नोंद झाली नाही, ही मोठ्या समाधानाची गोष्ट होय.

राज्याच्या या यादीत यवतमाळचे नाव नाही, एवढ्यावरून ज्यांना निश्चिंत व्हावेसे वाटेल त्यांनी आपल्याच एका जुन्या, प्रेमळ रीतीचा विचार करावा. वणी, पुसद, दिग्रस, उमरखेड येथील मुली लग्न होऊन वा नोकरीनिमित्त पुण्यात राहतात, आणि पहिले बाळंतपण माहेरी व्हावे म्हणून सातव्या महिन्यात घरी परततात. जावई अधूनमधून भेटीस येतो. मुलीचे पहिले सहा महिने, म्हणजे झिकाच्या दृष्टीने सर्वाधिक धोक्याचा काळ, पुण्यात गेलेला असतो; तेथील चाचण्यांचे कागद फाइलमध्ये असतात किंवा नसतात; आणि येथील डॉक्टरांसमोर ती येते तेव्हा तापाची ती चार दिवसांची गोष्ट तिच्याही विस्मरणात गेलेली असते. अशा वेळी 'ताई, दिवस राहिल्यापासून ताप, पुरळ किंवा डोळे लाल होणे असं काही झालं होतं का, आणि त्या वेळी तुम्ही कुठे राहत होता?' हा एक प्रश्न आशाताईने वा परिचारिकेने विचारला आणि उत्तर कार्डावर लिहिले, तर जिल्ह्याच्या एकाही पैशाचा व्यय न होता एक मोलाची माहिती हाती येते. उलट दिशेने, माहेरच्या अंगणातील उघड्या टाक्यामुळे, जी मुलगी निरोगी आली तिला शेवटच्या महिन्यात येथेच चिकुनगुनिया होऊ शकतो. आणि तो काळ किती नाजूक आहे हे वर आलेच आहे.

ताप आल्यावर काय करावे, याविषयी थोडे. गर्भवतीचा ताप हा दुकानातून गोळी आणून अंगावर काढण्याचा विषय नव्हे. पॅरासिटामॉल सुरक्षित आहे; ॲस्पिरिन, आयब्युप्रोफेन, डायक्लोफेनॅक या वेदनाशामक गोळ्या मात्र डेंगीची शक्यता दूर होईपर्यंत वर्ज्य समजाव्यात, कारण त्या रक्तस्राव वाढवितात. ताप उतरला म्हणजे संकट टळले असे डेंगीत मानू नये. पोटात तीव्र दुखणे, सतत उलट्या, हिरड्यांतून रक्त, गळून जाणे ही लक्षणे ताप उतरतानाच प्रकट होतात. पहिल्या चार-पाच दिवसांत रक्त तपासले तर विषाणू प्रत्यक्ष सापडू शकतो; पुढे केवळ प्रतिद्रव्यांवर भिस्त राहते आणि तेथे डेंगी व झिका यांची गल्लत होते, म्हणून विलंब हा निदानाचा शत्रू ठरतो. यवतमाळला १९८९ पासून शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे, तेथे गर्भवतीला नेण्यास आठवडा लागू नये. संसर्ग निश्चित झालेल्या मातेने स्तनपान थांबविण्याचे कारण नाही. सोनोग्राफीत गर्भाच्या डोक्याची वाढ खुंटलेली दिसते ती बहुधा पाचव्या महिन्यानंतर, कधी त्याहूनही उशिरा; म्हणून एकच तपासणी पुरेशी नसते. २०२१ मध्ये सुधारलेल्या गर्भपातविषयक कायद्यान्वये गर्भात गंभीर व्यंग असल्यास चोवीस आठवड्यांनंतरही वैद्यकीय मंडळाच्या संमतीने गर्भपात करता येतो, हे त्या स्त्रीला समजावून सांगणे हे डॉक्टरांचे कर्तव्य आहे, आणि निर्णय तिचा. संसर्गानंतर गर्भ हमखास विकृत होतो असे मुळीच नाही; शंभरातील पंच्याऐंशी आणि त्याहून अधिक मुले निर्दोष जन्मतात, आणि घाबरून घेतलेला निर्णय हीही एक हानीच होय.

२०१६ च्या जानेवारीत एल साल्व्हादोर या देशाच्या सरकारने आपल्या स्त्रियांना २०१८ पर्यंत गर्भधारणा टाळण्याचा सल्ला दिला होता. ज्या देशात गर्भपातास पूर्ण बंदी होती आणि संततिनियमनाची साधने गरिबांना सहज मिळत नव्हती, तेथे दिलेला हा सल्ला वाचून मला आजही विषाद वाटतो. कारण डासाची पैदास थांबविण्याचा भार सरकारने उचलण्याऐवजी तो स्त्रीच्या गर्भाशयावर टाकला गेला. आपल्याकडे असा फतवा कोणी काढलेला नाही, परंतु त्याची सौम्य आवृत्ती प्रचलित आहे. कंटेनर तपासणीला आलेला कर्मचारी ड्रममध्ये अळ्या पाहून घरच्या बाईला बोल लावतो, औषध टाकतो, भिंतीवर खडूने तारीख लिहितो आणि पुढच्या घरी जातो. भांडे रिकामे करा, हे सांगणे सोपे आहे. परंतु ज्या वस्तीत पुढचे पाणी कधी येईल हे कोणालाच ठाऊक नाही, तेथे साठवलेले दोनशे लिटर पाणी ओतून देण्याचा आग्रह धरणे म्हणजे तहान आणि ताप यांच्यात निवड करावयास सांगणे आहे. तेथे घट्ट झाकण, तोंडाला बांधलेले जाड धोतर किंवा लुगड्याचे कापड, मोठ्या टाक्यात सोडलेले गप्पी मासे, आणि कूलर बंद करताना टाकी घासून उलटी ठेवणे हेच व्यवहार्य उपाय होत. धूरफवारणीचा धूर दिसतो, म्हणून लोकांना दिलासा मिळतो. पण ती केवळ उडणाऱ्या डासांना मारते, आणि रांजणातील अळ्या दुसऱ्या दिवशीही तशाच वळवळत असतात.

खरा उपाय नळात आहे. बेंबळा प्रकल्पाचे पाणी यवतमाळ शहरापर्यंत आणण्याच्या योजनेकडे आजवर अभियंत्यांनी आणि लोकप्रतिनिधींनी तहानेच्या दृष्टीने पाहिले. ते योग्यच आहे, पण त्याच नळाला दररोज ठरल्या वेळी पाणी आले तर साठवण आपोआप घटते, आणि साठवणीबरोबर डास घटतो. आज प्रत्येक प्राथमिक आरोग्य केंद्रात गर्भवतींची नोंदवही असते आणि प्रत्येक नगरपरिषदेत व ग्रामपंचायतीत पाणीपुरवठ्याचे वेळापत्रक असते. ही दोन दफ्तरे दोन निराळ्या कचेऱ्यांत, दोन निराळ्या खात्यांच्या ताब्यात पडून राहतात. ती एकदा शेजारी ठेवावीत. ज्या वस्तीत पाणी आठ दिवसांनी वा त्याहून उशिरा येते, तेथील पहिल्या तीन आणि शेवटच्या दोन महिन्यांतील गर्भवतींची नावे वेगळी काढावीत. झाकणे, जाळ्या आणि गप्पी मासे प्रथम त्या घरी पोचवावेत, टँकरची पाळीही त्या वस्तीपासून लावावी, आणि उन्हाळ्यापूर्वीच्या तपासणीची फेरी कचेरीच्या सोयीच्या रस्त्याऐवजी या यादीच्या क्रमाने निघावी.